पेंड कोणत्या रकान्यात?

मामांनी लातूरला चाळीसेक वर्षं खाद्यतेलाची दलाली केली. ताई दिल्लीत एका संशोधन संस्थेत व्यापाराची प्रारूपं चालवते. कुठल्या देशाशी करार केला किंवा कुठल्या मालावरची ड्यूटी वाढवली, तर आयात किती हलेल, शेतकऱ्याच्या पदरात काय पडेल, गिऱ्हाइकाच्या खिशातून काय जाईल, हे आधी संगणकावर मांडून बघायचं, हे तिचं काम. हुरड्याला आली तेव्हा तिने सप्टेंबर २०२४ च्या खाद्यतेल ड्यूटीवाढीवर लिहिलेलं टिपण मामांना वाचायला दिलं. मामा कागद वाचतात तेव्हा शेवटची तळटीपसुद्धा सोडत नाहीत, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. पुढचा वाद मी ऐकला तसा, पण बराच छाटून देतो आहे.

मामा: तक्ते छान आहेत. पण चौथ्या पानावर खाली बारीक अक्षरात एक आकडा आहे, ३.३. सगळं टिपण त्याच्यावर उभं आहे. हा आणला कुठून?

ताई: जीटॅपमधून. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९९२ पासून चाललेला प्रकल्प आहे. जगभरची सरकारं आणि संशोधक त्यांचीच आकडेवारी वापरतात. ३.३ ही पर्यायतेची लवचिकता. देशी तेल आणि आयात तेल यांच्या भावाचं गुणोत्तर एक टक्क्याने बदललं, तर खरेदीचं गुणोत्तर ३.३ टक्क्यांनी बदलतं, असं धरलेलं आहे.

मामा: आणि त्याच्या खाली ६.६?

ताई: तो दोन परदेशांमधला. मलेशियाचं तेल आणि इंडोनेशियाचं तेल, असा. तो बरोबर दुप्पट असतो.

मामा: बरोबर दुप्पट? मोजला की दुप्पट निघाला, की दुप्पट धरला?

ताई: धरला. आयातीच्या नोंदींवरून देशादेशांतला आकडा काढायचा आणि देशी-परदेशीसाठी त्याचा निम्मा घ्यायचा, असा रिवाज आहे. तपासून पाहणाऱ्यांना तो खोडता आलेला नाही.

मामा: कुठल्या देशांच्या नोंदी?

ताई: अमेरिका, न्यूझीलंड, अर्जेंटिना, ब्राझील, चिली, पराग्वे.

मामा: म्हणजे पराग्वेत जे झालं त्याच्या निम्मं लातुरात होईल.

इथे ताई हसली, पण तिच्या चेहऱ्यावर जरा त्रास दिसला. तिला हे नवीन नव्हतं. या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ते माहीत असतं आणि प्रत्येक जण पुढच्या तक्त्याकडे वळतो.

ताई: मामा, हा आकडा मुळात का लागतो ते आधी ऐका. १९६९ साली नाणेनिधीतल्या पॉल आर्मिंग्टनने एक साधी गोष्ट मांडली. मलेशियाचं तेल आणि देशी तेल अगदी एकच आहे असं धरलं, तर भावात पैशाचा फरक पडताच सगळी खरेदी एका बाजूला जायला हवी. प्रत्यक्षात तसं होत नाही. एकाच वर्षी एकच माल आपण चार देशांतून घेतो. म्हणून त्याने म्हटलं, मालाचा देश हासुद्धा मालाचा गुणधर्म धरा. मग एक माल दुसऱ्याची जागा किती सहज घेतो ते सांगणारा आकडा लागतोच. तो नसेल तर प्रारूप चालत नाही.

मामा: पैशाच्या फरकाने सगळी खरेदी एका बाजूला जात नाही म्हणतेस. २०१९ आठवतं? मलेशियाशी केलेल्या करारापायी त्या जानेवारीत त्यांच्या रिफाइंड पामवरची ड्यूटी ४५ टक्क्यांवर आली. इंडोनेशियाची ५० वर राहिली. फरक पाच टक्क्यांचा. आणि मलेशियाचं पामोलिन असं काही आलं की सप्टेंबरात सरकारला वर पाच टक्के ज्यादा ड्यूटी बसवावी लागली, फक्त मलेशियावर. आमच्या इथल्या रिफायनऱ्या बोंबलत होत्या.

ताई: आठवतं. आम्ही तो प्रसंग शिकवतो.

मामा: मग तुझा ६.६ लाव बरं त्याला.

ताईने फोनवर हिशेब केला. ड्यूटीसह दोघांच्या भावाचं गुणोत्तर १.४५ भागिले १.५०. म्हणजे मलेशियाचा माल जेमतेम सव्वातीन टक्क्यांनी स्वस्त. ६.६ लावला तर मलेशिया आणि इंडोनेशिया यांच्या खरेदीचं गुणोत्तर २५ टक्क्यांनी वाढतं. आधी निम्मं-निम्मं असेल तर नंतर ५५-५६ विरुद्ध ४४-४५.

मामा: एवढ्यासाठी कुणी रिफायनरीवाला दिल्लीला जाईल? आयात कित्येक पट झाली होती.

ताई: हो. हे गुणोत्तर पाचपट व्हायचं असेल तर आकडा ४७ च्या आसपास धरावा लागेल.

मामा: आणि छापलाय ६.६.

ताई: पण हे उदाहरण टोकाचं आहे. एकच दर्जाचा माल, शेजारशेजारचे दोन देश, खरेदी करणारे मूठभर आयातदार. तिथे ४७ काय, त्याहून मोठाही निघेल. जीटॅपच्या त्या एका रकान्यात पाम, सोया, सूर्यफूल, सरकी, ऑलिव्ह, मार्गारिन सगळं एकत्र आहे. इतक्या वेगवेगळ्या मालाची सरासरी काढली की आकडा खाली येणारच, कारण पामोलिनऐवजी कुणी ऑलिव्ह तेलात भजी तळत नाही. जितक्या बारीक मालावर जाल तितका आकडा मोठा, जितके ढोबळ जाल तितका लहान. जितका काळ जास्त द्याल तितकाही मोठा. या दोन गोष्टींवर अर्थतज्ज्ञांत फारसा वाद नाही.

मामा: काळाचं काय म्हणालीस?

ताई: २०२३ मध्ये तिघांनी बऱ्याच देशांचे ड्यूटीबदल घेऊन मोजलं. बोहेम, लेव्हचेंको आणि पांडलाई-नायर. ड्यूटी बदलल्यावर पहिल्या वर्षात आकडा ०.७६ निघतो. हळूहळू वाढत २ च्या आसपास जातो, आणि त्याला सात ते दहा वर्षं लागतात.

मामा: सात वर्षांत इथे दोन सरकारं येऊन जातात आणि ड्यूटी दहा वेळा बदलते.

त्यांचं हे विधान अतिशयोक्त नाही. आपल्याकडे खाद्यतेलाची ड्यूटी इतक्या वेळा वरखाली होते, की दहा वर्षांचा परिणाम दिसायला दहा वर्षं ती कुणी जागेवर ठेवतच नाही.

ताई: मान्य. पण मग तुम्ही काय करायचात? सोयातेल किलोमागे दोन रुपयांनी उतरलं तर किती टँकर पामवरून सोयाकडे वळतील, हे तुम्हाला पार्टी विचारायची ना? तुम्ही सांगायचात ना? तोही असाच आकडा. फक्त तुमच्या डोक्यात होता.

मामा: माझ्या डोक्यात एक आकडा कधीच नव्हता. फरसाणवाल्याचं बघ. तो पामोलिनमध्ये तळतो. रुपया-दीड रुपयाने तो हलत नाही, कारण शेवेचा रंग बदलतो, कारागीर कुरकुरतो, आणि ज्या दलालाकडे उधारी चालू आहे त्याला सोडता येत नाही. फरक वाढत गेला तरी तो गप्प. आणि मग एक भाव असा येतो की त्या आठवड्यात गल्लीतले सगळेच हलतात. मधलं काही नाही. तुझ्या सूत्रात असं आहे का, की इथपर्यंत शून्य आणि इथून पुढे सगळं?

ताई: नाही. आमचा वक्र सगळीकडे सारखाच वळतो.

मामा: वर हवामान. थंडीत पाम डब्यात गोठतं. उत्तरेकडचा किराणावाला डिसेंबरात ते दुकानात ठेवत नाही, कितीही स्वस्त दे. म्हणजे मेचा आकडा वेगळा आणि डिसेंबरचा वेगळा. आणि घरातली बाई? आपल्याकडे करडईच्या तेलाची सवय असलेलं घर भाव बघून पामवर जात नाही, कमी तेल घालतं. तिथे तुझा ३.३ कशाला लावतेस?

ताई: सरासरीत हे सगळं येतं, मामा. उंबरठा प्रत्येकाचा वेगळा असतो. एक फरसाणवाला दोन रुपयांना हलतो, दुसरा चारला. लाखो जण एकत्र घेतले की वक्र गुळगुळीतच दिसतो.

हा मुद्दा मला ताईचा बिनतोड वाटला, आणि मामाही क्षणभर थांबले. पण लातूरच्या बाजारात लाखो जण नसतात, त्यांना पुरवठा करणारे पाच-सात मोठे आयातदार असतात, आणि त्यांचा उंबरठा एकच असतो. हे मामा का बोलले नाहीत, कोण जाणे.

मामा: आमच्या अंदाजात आणि तुझ्यात एक फरक आहे. माझा चुकला की माझी दलाली जायची. तुझा चुकला तर तुझं काय जातं?

ताई: काही जात नाही, हे खरं. पण तुमचा चुकला हे फक्त तुम्हाला कळायचं. माझा ३.३ चौथ्या पानावर छापलाय म्हणून तर तुम्ही मला पकडलंत.

मामा: तळटीपेत छापलाय.

ताई: तळटीपेत का होईना. आणि बदलून बघता येतो. तेच या कामाचं बळ आहे. आर्कोलाकिस, कॉस्टिनो आणि रॉड्रिग्ज-क्लेअर यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की व्यापाराचे पाच-सहा नावाजलेले सिद्धांत वरून कितीही निराळे दिसले तरी एका प्रश्नाचं उत्तर दोनच गोष्टींवर काढतात. देश आपल्या खर्चातला किती भाग देशी मालावर करतो, आणि ही लवचिकता किती. अमेरिकेचं उदाहरण घेतलं. २००० साली आयातीचा वाटा ७ टक्के. व्यापार अजिबात नसता तर तिचं उत्पन्न किती कमी असतं? लवचिकता १० धरली तर ०.७ टक्के, ५ धरली तर १.४ टक्के.

मामा: म्हणजे आकडा निम्मा केला की फायदा दुप्पट.

ताई: हो. कारण आकडा लहान म्हणजे बाहेरच्या मालाला घरात पर्याय नाही. पर्याय नसलेली वस्तू मिळते म्हणून व्यापाराचं मोल जास्त. पण तोच लहान आकडा ड्यूटीच्या प्रश्नात उलट्या बाजूने बोलतो. एखाद्या देशाने आपली ड्यूटी एकट्याने कमी केली, तर कमी लवचिकतेच्या प्रारूपात त्याचं बऱ्याचदा नुकसान दिसतं. कारण निर्यात वाढवायला त्याला स्वतःच्या मालाचा भाव बराच पाडावा लागतो.

मामा: मग ज्याला ड्यूटी हवी त्याने लहान आकडा घ्यायचा आणि ज्याला नको त्याने मोठा. सोपं आहे.

ताई: इतकं सरळ कुणी करत नाही.

मामा: करत नाही? एप्रिल २०२५ विसरलीस?

ताईने यावर मान खाली घातली, कारण हे येणार हे तिलाही माहीत होतं. २ एप्रिलला ट्रम्पसाहेबांनी देशोदेशींवरच्या ड्यूटीचा तक्ता दाखवला. पेंग्विनांच्या बेटांवरही १० टक्के. भारतावर २६. त्यांच्या व्यापार कार्यालयाने नंतर सूत्र जाहीर केलं. त्या देशाशी असलेली तूट भागिले त्याच्याकडची आयात, आणि छेदात आणखी दोन गुणक. एक ४, म्हणजे भाव एक टक्का वाढला तर आयात किती टक्के घटते. दुसरा ०.२५, म्हणजे ड्यूटीतला किती भाग आयातीच्या भावात उतरतो. चार गुणिले पाव, एक. दोन्ही गुणक एकमेकांना खाऊन मोकळे. भारताशी अमेरिकेची तूट ४५.७ अब्ज डॉलर, आयात ८७.४ अब्ज. भागाकार ५२ टक्के. लावले त्याचे निम्मे, २६.

मामा: एवढी ग्रीक अक्षरं लिहून शेवटी आमच्या मुनीमजीचा भागाकार.

ताई: त्याला प्रारूप म्हणू नका. आणि विरोध कुणी केला तेही बघा. त्यांनी आधार म्हणून जो शोधनिबंध दाखवला, तो कॅव्हालो, गीता गोपीनाथ, नाइमन आणि टँग यांचा. त्यातल्या नाइमन यांनी वर्तमानपत्रात लिहिलं, की आमच्या अभ्यासानुसार ०.२५ च्या जागी ०.९५ च्या आसपास यायला हवं. ते घातलं तर भारताचा आकडा ७ वर येतो, म्हणजे सगळ्यांना लावलेले किमान १० टक्के. लेसोथोचे ५० होते, ते १३ वर येतात.

मामा: आणि तो ४?

ताई: तोही. त्याच कार्यालयाने आपल्या टिपणात लिहिलंय की दीर्घकाळात तो २ च्या जवळ असल्याचा नवा पुरावा आहे. मग २ धरा आणि ०.९५ धरा, भारतावर १४ टक्के. २ धरून ०.२५ तसाच ठेवा, ५२ टक्के.

मामा: एक सूत्र, आणि दहापासून बावन्नपर्यंत काय हवं ते. पुढे ऑगस्टात ५० झाले, त्यात रशियाच्या खनिज तेलाचा राग होता, तो तर सूत्रातही नव्हता.

ताई: म्हणूनच मी म्हणते, आकडा उघड असू द्या. ०.२५ लिहून दाखवला म्हणून तो आठवड्याच्या आत पकडला गेला.

मामा: पकडला गेला. ड्यूटी बदलली का त्याने?

याला ताईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

मामा: बरं, आता आपल्या टिपणावर ये. सप्टेंबर २०२४. कच्च्या खाद्यतेलावरची ड्यूटी सेस धरून साडेपाचवरून साडेसत्तावीस. तुझ्या ३.३ ने काय सांगितलं?

ताई: बंदरावर उतरलेलं तेल २१ टक्क्यांनी महाग. बाकी काही हललं नाही असं धरलं, तर देशी तेलाच्या तुलनेत आयात जवळजवळ निम्मी.

मामा: आणि झालं काय? आदल्या तेलवर्षात १६० लाख टन आयात. ड्यूटीवाढीनंतरच्या वर्षात पुन्हा साधारण १६० लाख टन.

ताई: मे २०२५ च्या शेवटी ड्यूटी कमी करून साडेसोळावर आणली, हे विसरू नका. आणि ‘बाकी काही हललं नाही’ हे गणित हाताने केलेलं होतं. पूर्ण प्रारूपात देशी तेलाचा भावही वाढतो. देशी तेल एका हंगामात वाढत नाही, आपली निम्म्याहून जास्त गरज आयातीवर आहे. मग पर्याय घ्यायला माल कुठे आहे? भाव वाढतो, खरेदी थोडी आक्रसते, आयात फारशी हलत नाही. तिथे ३.३ च्या जागी ६ घातला तरी उत्तर फार बदलत नाही. प्रत्येक वेळी हाच आकडा सगळं ठरवतो असं नाही, हे माझ्या टिपणाच्या नवव्या पानावर आहे.

मामा: वाचलं. ते पान चांगलं आहे. पण हललं काहीच नाही असंही नाही ना. पाम बरंच घटलं. सोयातेल आजवर कधी आलं नव्हतं इतकं आलं. इंडोनेशियाने डिझेलमध्ये घालायच्या पामचं प्रमाण वाढवलं, पाम सोयातेलाहून महाग झालं, आणि आमचे लोक हलले. खरी अदलाबदल तिथे झाली. दोन्ही आयात, दोन्ही तुझ्या एकाच रकान्यात. तुझ्या प्रारूपाला त्यातलं दिसलं काय?

ताई: काही नाही. रकाना एकच म्हटल्यावर आतली अदलाबदल दिसत नाही.

मामा: आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो सोयाबीनवाला? हमीभाव तेव्हा ४,८९२ होता. ड्यूटी वाढली तरी लातूरला भाव त्याच्या खालीच. विधानसभेच्या निवडणुकीत गावोगाव हाच विषय होता. तेल महाग झालं, मग सोयाबीन का नाही? तुझ्या टिपणात तर भाव वाढलाय.

ताई: पेंडीमुळे. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं १८ किलोच्या आसपास. उरलेली बहुतेक पेंड. पेंडीचा भाव पडला.

मामा: का पडला?

ताई: मक्यापासून इथेनॉल काढायला लागले, त्याचा चोथा निघतो, डीडीजीएस. पोल्ट्रीवाल्यांनी सोयापेंड कमी करून तो स्वस्त चोथा घालायला सुरुवात केली.

मामा: मग ती अदलाबदल कोणत्या रकान्यात आहे? पेंड कुठे आहे तुझ्याकडे?

ताई: खाद्यतेलाच्या. जीटॅपमध्ये तेल आणि पेंड एकाच क्षेत्रात मोजतात.

मामा चष्मा काढून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. सोयाबीनच्या बाजारात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला तेल आणि पेंड एकाच नावाखाली मांडलेली बघणं म्हणजे काय, याची ताईला कल्पना होती. तिने टोमण्याची वाट न बघता स्वतःच पुढे सांगितलं.

ताई: आणि याहून अवघड एक आहे. नाफ्ताच्या आधी अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांच्यासाठी मोठमोठी प्रारूपं केली होती. टिमोथी केहो यांनी २००५ मध्ये ती प्रत्यक्षाशी ताडून पाहिली. व्यापार किती वाढेल याचा अंदाज फारच कमी आला होता. एक मोठं कारण असं, की वाढ झाली ती आधी ज्या मालाचा व्यापार नगण्य होता त्यात. आणि आमचं सूत्र आधीचा वाटा वाढवतं किंवा घटवतं. आधी वाटाच शून्य असेल तर लवचिकता ३ घाला की ३००, उत्तर शून्य. डीडीजीएसचं तेच. मी ज्या वर्षाची आकडेवारी वापरते, त्या वर्षी कोंबडीखाद्यात तो जवळजवळ नव्हताच.

मामा: म्हणजे आकडा चुकला हे लहान दुखणं.

ताई: लहान नाही. पण आकडा बदलून बघितला की आपण सगळं तपासलं असं वाटतं, ते जास्त वाईट. मी २ ते ८ पर्यंत सगळे घालून पाहिले होते. प्रत्येक वेळी सोयाबीनचा भाव वाढला. कमी-जास्त, पण वाढलाच.

मामा: मग हे टिपण फाडायचं?

ताई: नाही. फाडलं तर पुढच्या वेळी कुणी तरी नुसतं ‘ड्यूटी वाढवा, शेतकऱ्याचं भलं होईल’ म्हणेल, आणि त्याला चौथं पानच नसेल.

मामा: ठीक. मग आधी पेंड वेगळी काढ. पाम आणि सोया वेगळं काढ. तेलांमधला फरक किती झाला की कोण हलतो ते मी सांगतो, महिन्यानुसार. माझ्या सौद्यांच्या चिठ्ठ्या मिळणार नाहीत, पण तोंडी सांगतो.

ताई: लिहून घेते. पण पेंड आणि डीडीजीएस यांच्यातला आकडा कुठून आणू?

मामा: ते मला विचारू नकोस. कोंबडीवाल्यांना विचार. आणि खाद्यात किती टक्क्यांपर्यंत तो चोथा घालता येतो हे आधी विचार, भावाचं नंतर. त्याच्या पलीकडे फुकट दिला तरी ते घेणार नाहीत.